झिजलेली नाणी आणि मोजलेले शब्द

दर वर्षी जून-जुलैत आमच्या टेबलावर विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांचे आराखडे येऊन पडतात. विषय निरनिराळे असतात. पण 'अभ्यासपद्धती' या मथळ्याखालचे वाक्य सहसा बदलत नाही. प्रस्तुत अभ्यासात वर्णनात्मक, विश्लेषणात्मक आणि तुलनात्मक पद्धतींचा अवलंब केला जाईल, असे ते वाक्य. अलीकडे त्याला 'संख्यात्मक' हा चौथा शब्द चिकटू लागला आहे, कारण ग्रंथांच्या संहिता संगणकावर मिळतात आणि शब्द मोजणे हा क्षणाचा खेळ झाला आहे. विद्यार्थ्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि आमच्या दोघांच्याही एम. ए.च्या लघुप्रबंधांत हेच वाक्य, याच क्रमाने, होते. पद्धत ही गोष्ट विषय ठरल्यावर, सामग्री जमल्यावर, किंबहुना निष्कर्षही मनाशी पक्का झाल्यावर शेवटी भरावयाची एक रिकामी जागा आहे, अशी आमची समजूत होती. ती समजूत किती महागात पडते हे आम्हांला एका विद्यार्थिनीमुळे कळले. या लेखाचे निमित्त तीच.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. या मुलीने लघुप्रबंधासाठी विषय घेतला तो 'ज्ञानेश्वर एक की दोन' हा. वाद जुना आहे. १८९८-९९च्या सुमारास 'सुधारक' पत्रातून 'भारद्वाज' या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी असे प्रतिपादन केले की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती होत. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा उल्लेख नाही, अभंग तर विठ्ठलभक्तीने ओथंबलेले आहेत. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची पुष्कळ अर्वाचीन. असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. त्यावर भिंगारकरबुवांसारख्यांनी उत्तरे दिली, पुढे अनेक अभ्यासकांनी या वादात भर घातली, आणि आज बहुतेक जण एकच ज्ञानदेव मानतात, तरी वादाची धग पूर्ण विझलेली नाही. मुलीचे म्हणणे असे की भारदे आणि त्यांचे विरोधक दोघेही सोयीची उदाहरणे वेचत होते. आपण सगळेच्या सगळे मोजू. हे म्हणणे आम्हांला फार आवडले. आम्ही होकार दिला.

तिने पाच-सहा महिने राबून ज्ञानेश्वरीच्या काही अध्यायांतील आणि छापील गाथेतील अभंगांतील शब्द मोजले. शब्दांची अक्षरसंख्या मोजली. 'परी', 'तरी', 'आणि', 'जैसे', 'तैसे' अशा शब्दांची वारंवारता काढली. दोन रकाने शेजारी ठेवले तेव्हा तफावत डोळ्यांत भरण्याजोगी होती. शेवटच्या प्रकरणात तिने लिहिले की ज्ञानेश्वर दोन होते हे आता संख्येने सिद्ध झाले आहे. आम्ही ते प्रकरण वाचले, शुद्धलेखन तपासले आणि सही केली.

तोंडी परीक्षेला आलेले बहिःस्थ परीक्षक वयाने ज्येष्ठ होते. त्यांनी तक्ते शांतपणे चाळले आणि एकच विचारले, "एकनाथांचे भागवत आणि एकनाथांचे अभंग असेच मोजून पाहिलेस का?" मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही टेबलाकडे पाहिले.

या प्रश्नामागे एक इतिहास आहे. तो आम्ही नंतर शोधला. आधी शोधायला हवा होता.

साहित्यकृतीचा कर्ता शब्द मोजून ओळखता येईल, ही कल्पना ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाने १८५१ साली एका पत्रात बोलून दाखवली. ती प्रत्यक्षात आणली थॉमस मेंडेनहॉल या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने. प्रत्येक मूलद्रव्याचा जसा स्वतःचा वर्णपट असतो तसा प्रत्येक लेखकाचाही असला पाहिजे, हा त्याचा तर्क. एक अक्षरी शब्द किती, दोन अक्षरी किती, तीन अक्षरी किती, असे मोजत गेले की एक वक्ररेषा मिळते आणि ती त्या लेखकाची खूण होय, असे त्याने १८८७ साली मांडले. पुढे शेक्सपियरची नाटके खरोखर बेकनने लिहिली काय, या तेव्हाच्या गाजत्या प्रश्नाला त्याने हीच मोजपट्टी लावली. एका धनिकाने पैसा पुरवला, दोन स्त्रियांनी महिनोन्महिने बसून लाखो शब्द मोजले आणि १९०१ साली निकाल प्रसिद्ध झाला. शेक्सपियरच्या लेखनात चार अक्षरी शब्द सर्वांत अधिक, बेकनच्या लेखनात तीन अक्षरी. दोघे भिन्न.

निष्कर्ष बरोबर होता. पुरावा मात्र नव्हता. १९७५ साली सी. बी. विल्यम्स यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. मेंडेनहॉलने मोजलेला शेक्सपियर मुख्यतः पद्यात लिहीत होता आणि बेकन गद्यात. विल्यम्स यांनी त्याच काळातला फिलिप सिडनी घेतला. त्याने गद्य आणि पद्य दोन्ही लिहिले आहे, आणि दोन्हींचा कर्ता तोच याबद्दल कुणाला शंका नाही. सिडनीचे पद्य आणि सिडनीचे गद्य यांत तशाच प्रकारची तफावत निघाली. म्हणजे मेंडेनहॉलच्या रेषा माणसांमधला फरक दाखवीत होत्या की रचनाप्रकारांमधला, हे सांगण्याचा मार्गच उरला नाही. चौऱ्याहत्तर वर्षे हा निकाल उद्धृत होत राहिला होता.

आमच्या परीक्षकांनी विचारलेला प्रश्न हाच होता. ज्ञानेश्वरीची ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांत यमक असलेली, पण अक्षरसंख्येच्या बाबतीत सैल. अभंगाचे तसे नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे. चार अक्षरांच्या शेवटच्या चरणात पाच अक्षरी शब्द बसणारच कसा? शब्दाची लांबी मोजताना आमची विद्यार्थिनी छंद मोजीत होती. 'जैसे', 'तैसे' यांचे तसेच. दृष्टान्तामागून दृष्टान्त देत गीतेचा श्लोक उलगडणाऱ्या टीकाग्रंथात हे शब्द पावलोपावली येणार. चार-पाच कडव्यांत आर्तता सांगणाऱ्या अभंगात त्यांचे काम काय? एकाच माणसाने सकाळी प्रवचन करावे आणि सायंकाळी भजन म्हणावे, तरी मोजणाऱ्याला दोन माणसे सापडतील.

म्हणून मोजणेच व्यर्थ, असे म्हणणारे आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी 'फेडरलिस्ट' निबंधांचे उदाहरण थोडक्यात द्यायला हवे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये एकाच टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. त्यांतील १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षांहून अधिक चालला. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ साली तो जवळजवळ मिटवला, तोही 'अपॉन', 'व्हाइल', 'व्हिल्स्ट' यांसारखे क्षुल्लक शब्द मोजून. हॅमिल्टन 'अपॉन' सढळ हाताने वापरतो, मॅडिसन क्वचितच. पण येथे सगळे निबंध गद्य, एका काळातले, एका हेतूने, एकाच वाचकवर्गासाठी लिहिलेले. आणि ज्यांचे कर्ते निश्चित ठाऊक होते अशा लेखनावर ही मोजपट्टी आधी पारखून घेतलेली. वादग्रस्त बारा निबंधांकडे ते शेवटी वळले.

पण या बाबतीत खरे शिकण्याजोगे उदाहरण आम्हांला दूर अमेरिकेत शोधण्याची गरज नव्हती. ते पुण्यातच घडले होते, आणि आमच्यापैकी कितीजणांनी त्यांची पुस्तके वर्गात नाचवली असतील याची गणती नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आम्ही मार्क्सवादी इतिहासकार म्हणून शिकवतो. ते गणिताचे प्राध्यापक होते हे चरित्रात सांगण्यापुरते सांगतो आणि पुढे जातो.

कोसंबी १९३० च्या दशकात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना संख्याशास्त्राकडे वळले. हे शास्त्र नुसते वाचून येणार नाही, एखादा खरा प्रश्न सोडवतानाच येईल, अशी त्यांची धारणा. त्यांनी प्रथम हाती घेतली ती परीक्षेतील गुणांची छाननी. तिच्यातून आपल्या परीक्षापद्धतीविषयी जे दिसले ते फारसे सुखावह नव्हते. (या एका बाबतीत संशोधनाचे निष्कर्ष काळाच्या कसोटीवर टिकले असावेत, असे दर उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासताना आम्हांला वाटते.) त्यानंतर त्यांनी निवडली ती नाणी.

चांदीची आहत नाणी म्हणजे ज्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, लेख नाही. नुसती चिन्हे ठोकलेली आहेत अशी प्राचीन नाणी. कोणते आधीचे, कोणते नंतरचे, हे चिन्हांवरून सांगण्याचे प्रयत्न झाले होते आणि त्यांत कल्पनेला वाव भरपूर होता. तक्षशिलेच्या उत्खननात अशा नाण्यांचे साठे मिळाले होते. एका साठ्यात हजाराहून अधिक नाणी होती आणि त्यांतच अलेक्झांडर व फिलिप अर्हिडिअस यांची नाणी सापडल्याने तो साठा केव्हा पुरला गेला असेल याचा अंदाज करता येत होता. वॉल्श यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत या नाण्यांची वजने दिलेली होती. पुष्कळांच्या दृष्टीने हा रकाना सूचीतला सर्वांत नीरस. कोसंबींनी तोच उचलला.

त्यांचा विचार असा. टाकसाळीतून निघताना एका प्रकारची नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. थोडा फरक राहतोच. मग ती हातोहात फिरतात आणि झिजतात. काही फार फिरतात, काही कुणाच्या गाडग्यात पडून राहतात; म्हणून झीज सारखी होत नाही. परिणामी काळ जाईल तसे एका गटाचे सरासरी वजन घटते आणि गटातल्या नाण्यांमधला आपसांतला फरक मात्र वाढत जातो. एकटे नाणे काही सांगत नाही, पण गट बोलतो. एकाच वेळी पुरल्या गेलेल्या साठ्यातला हलका गट जुना, भारी गट नवा.

कुणालाही पटेल असा हा तर्क आहे. आमच्यासारख्याने तो एका परिच्छेदात लिहून थेट मौर्यांकडे मोर्चा वळवला असता. कोसंबींनी तसे केले नाही. त्यांनी चलनात असलेली त्या काळची नाणी गोळा केली आणि तराजू घेऊन ती वजन केली, एक-दोन नव्हे, हजारोंनी. आधुनिक नाण्यावर साल छापलेले असते. कोणते नाणे किती वर्षे फिरले हे आधीच ठाऊक असते. म्हणजे उत्तर ठाऊक असलेल्या उदाहरणावर पद्धत पारखता येते. सालागणिक सरासरी खरोखर उतरते काय? फरक खरोखर वाढतो काय? दोन्ही होते असे दिसल्यावरच हीच रीत साल नसलेल्या नाण्यांना लावणे त्यांना रास्त वाटले. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. नाण्याच्या मागील बाजूस असलेली बारीक चिन्हे जितकी अधिक तितके सरासरी वजन कमी. म्हणजे ही चिन्हे चलनात असताना वेळोवेळी, नाणे पारखताना ठोकली गेली असावीत. १९४०-४१ पासून त्यांचे या विषयावरचे निबंध येत राहिले. त्यांनी लावलेला गटांचा आणि राजांचा क्रम सर्वच नाणकशास्त्रज्ञांना मान्य झाला असे नाही, आणि होण्याचे कारणही नाही. पण मतभेद कोठे आहे हे बोट ठेवून दाखवता येते, कारण प्रत्येक गृहीतक उघड्यावर मांडलेले आहे.

या नाण्यांनीच त्यांना संस्कृतकडे ढकलले. नाणी कुणी पाडली हे शोधायचे तर ग्रंथांकडे जावे लागणार आणि ग्रंथांकडे जायचे तर त्यांच्या संहिता विश्वसनीय आहेत काय हे पाहावे लागणार. असे करीत ते भर्तृहरीपर्यंत आले. १९४१ साली त्यांनी भर्तृहरीच्या वैराग्यावर एक जहाल निबंध लिहिला होता. आणि १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. आधी अर्थ लावला आणि मग संहिता तपासली, हा क्रम त्यांच्यासारख्याच्या हातूनही घडला, हे येथे नोंदवून ठेवू.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. भर्तृहरीची शतके म्हणायची तीन, पण हस्तलिखितांत श्लोकांची संख्या, क्रम, पाठ यांचा मेळ नाही. कोसंबींनी पावणेचारशेच्या घरात हस्तलिखिते पाहिली. हाताशी संख्याशास्त्र होते, नाण्यांवरचे यश होते. एखादा श्लोक किती हस्तलिखितांत येतो हे मोजून बहुमताने निर्णय देणे किती सोपे होते! पण हस्तलिखित म्हणजे नाणे नव्हे. एक नाणे दुसऱ्यापासून जन्मत नाही; हस्तलिखित जन्मते. एकाच सदोष प्रतीच्या दहा नकला झाल्या तर ती दहा मते नव्हेत, ते एकच मत दहा वेळा उच्चारलेले. तेव्हा त्यांनी प्रतींचे उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील परंपरांनुसार गट पाडले आणि निरनिराळ्या परंपरांत मिळून कोणते श्लोक येतात ते पाहिले. सर्वत्र सामान्यतः आढळणारे सुमारे दोनशे श्लोक एका विभागात, ज्यांचा आधार डळमळीत ते दुसऱ्यात, आणि एकट्यादुकट्या प्रतींत भटकणारे शेकडो श्लोक तिसऱ्यात, अशी ती आवृत्ती आहे. यातला नेमका भर्तृहरी कोण, याचा हट्ट तीत नाही.

ही वाट त्यांच्याआधी पुण्यातच भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी मळलेली होती. १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादकपद त्यांच्याकडे होते आणि आदिपर्वाची त्यांची प्रस्तावना १९३३ची. युरोपात प्रतींची वंशावळ लावून मूळ पाठापर्यंत पोचण्याची रीत रूढ होती. महाभारताच्या प्रती शतकानुशतके एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की शुद्ध वंशावळ लागत नाही, हे ओळखून सुकथनकरांनी ती रीत सामग्रीप्रमाणे वाकवली आणि उत्तर व दक्षिण या परंपरांचे जेथे एकमत तेथे विश्वास ठेवला. आता एक योगायोग पाहा: सुकथनकरही केंब्रिजला गणित शिकलेले! ज्यांना मोजणे उत्तम येत होते असे दोन गणिती एकाच शहरात, आणि पोथीसमोर बसल्यावर दोघांनीही निव्वळ मतमोजणी नाकारली. आमच्यासारख्या, ज्यांचे गणित दहावीलाच सुटले त्यांनी मात्र संगणकाने दिलेला आकडा प्रमाण मानला.

आता पुन्हा ज्ञानेश्वरांकडे येऊ. आपल्या सामग्रीचा इतिहास काय? ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. शके १५०६, म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ती शुद्ध केली आणि पुढे कुणी तीत फेरफार करू नये अशी ताकीद दिली. १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तिची भाषा प्रचलित प्रतींहून पुष्कळ वेगळी. म्हणजे 'ज्ञानेश्वरीची भाषा' म्हणताना कोणती ज्ञानेश्वरी, हे आधी सांगावे लागते. अभंगांचा प्रवास तर मुखोमुखी झालेला, कीर्तनकारांच्या आणि वारकऱ्यांच्या गळ्यातून. गाणारा आपल्या काळाचे रूप नकळत घालतो. भारद्यांना जी अर्वाचीनता दिसली ती कर्त्याची की गाणाऱ्यांची? शब्द मोजून हे ठरत नाही. त्यात आमच्या विद्यार्थिनीने घेतलेल्या दोन पुस्तकांपैकी एकात जुने अनुस्वार राखलेले आणि दुसऱ्यात १९६२नंतरच्या नियमांप्रमाणे काढलेले. 'आतां' आणि 'आता' हे तिच्या तक्त्यात दोन शब्द झाले होते. त्या मोजणीत संपादकही मोजले गेले.

तरी मोजता येण्याजोगे काहीच नाही असे नाही. अमृतानुभव ओवीतच आहे. ज्ञानेश्वरीशी त्याची तुलना समान भूमीवर होते. आणि आमच्याकडे सिडनी आहे, एक नव्हे दोन. एकनाथांनी १५७३ साली पूर्ण केलेले भागवत ओवीबद्ध आणि त्यांचे अभंगही विपुल. रामदासांचा दासबोध ओवीत आणि त्यांनीही अभंग रचले. शिवाय कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावला जपलेली, त्यामुळे निदान एका बाजूची संहिता भक्कम. एकाच कर्त्याच्या ओवीत आणि अभंगात स्वभावतःच किती अंतर पडते हे येथे आधी मोजावे. ज्ञानदेवांच्या दोन रकान्यांतले अंतर त्याहून मोठे निघाले तरच पुढे बोलण्यास जागा. कोसंबींच्या तराजूतल्या साल छापलेल्या नाण्यांचे काम मराठीत एकनाथ आणि रामदास करू शकतात. हे आम्हांला सुचले ते परीक्षकांनी सुचवल्यावर.

त्या दिवशी मुलगी उत्तीर्ण झाली, पण शेवटचे प्रकरण काढून टाकण्याच्या अटीवर. ते प्रकरण तिचे होते, चूक आमची. पाच-सहा महिन्यांची मोजणी परिशिष्टात गेली. पीएच. डी.ला नाव नोंदवण्याचा तिचा विचार होता. तो तिने तेव्हा सोडला आणि एका माध्यमिक शाळेत नोकरी धरली. आम्ही तिची समजूत घातली नाही, कारण काय सांगावे ते आम्हांलाच ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षीपासून आराखड्यातला 'अभ्यासपद्धती'चा मथळा आम्ही पहिल्या पानावर घेतला आणि त्याखाली पद्धतींची नावे लिहिण्यास मनाई केली. तुझी सामग्री तुझ्यापर्यंत कोणकोणत्या हातांतून आली आणि तुझी रीत तू आधी कशावर पारखणार, एवढेच लिहून आणायला सांगतो. विद्यार्थी कुरकुर करतात. काहींचा विषय या टप्प्यावरच बदलतो.

गेल्या दिवाळीत त्या मुलीचा फोन आला. शाळा सुटल्यावर रोज थोडे थोडे असे करीत तिने एकनाथी भागवताचे चार अध्याय मोजून संपवले होते. या वेळी अनुस्वार आधी एकसारखे करून घेतले, असे तिने आपणहून सांगितले. आता अभंग सुरू करायचे होते. "सर, मॅडमनाही विचारा," ती म्हणाली, "गाथा कोणती घेऊ? दोन गाथांत अभंगांची संख्याच जुळत नाही."

आम्ही दोघे सध्या त्या दोन गाथा शेजारी ठेवून बसतो आहोत. निम्म्याहून अधिक अभंगांची जुळणी झाली आहे.